बाबांचा शेरा

माझे वडील सरकारी विश्रामगृहात खानसामा होते. रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या तोंडाशी एका टेकाडावर ते विश्रामगृह होतं. गावात सगळे त्याला नुसतं ‘बंगला’ म्हणायचे. दोन मोठ्या खोल्या, मध्ये जेवणाची खोली आणि पुढे समुद्राकडे तोंड केलेला लांब व्हरांडा. मागे चिंचेच्या पलीकडे आमच्या दोन खोल्या. तिथून समुद्र ऐकू यायचा, दिसायचा नाही, कारण मधे बंगला होता.

आम्हा भावंडांना एकच नियम होता. व्हरांड्यात बसायचं नाही. साहेब आलेले असोत किंवा नसोत. पंधरा-पंधरा दिवस बंगल्यात चिटपाखरू नसायचं, वेताच्या चार खुर्च्या समुद्राकडे बघत रिकाम्या पडलेल्या असायच्या. बाबा त्या रोज पुसायचे, पण स्वतः कधी टेकायचे नाहीत.

तिसरीत असताना मी एकदा हा नियम चांगलाच मोडला. दुपारी शाळेतून आले, मागचं दार उघडं होतं, मी सरळ साहेबांच्या खोलीत गेले आणि पांढऱ्या चादरीवर आडवी झाले. पंख्याखाली झोप कधी लागली कळलं नाही. बाबांनी हलवून उठवलं. कपाटातून नवी चादर काढली, झटकून घातली, कोपरे दुमडून गादीखाली सारले आणि हाताच्या पंजाने मधली सुरकुती काढली. मी दारात उभी राहून बघत होते. त्यांनी मारलं नाही, रागावलेही नाहीत. पण पुढचे दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. ते दोन दिवस मी फार वर्षं मनात धरून ठेवले.

पुढे मी शिकले, पुण्यात इंजिनिअर झाले, लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर सिंगापूरला गेले. मी वन-नॉर्थला एका कंपनीत, तो तांजोंग पगारला. घर पासिर रिसला, अकराव्या मजल्यावरचा भाड्याचा फ्लॅट. आई-बाबा पहिल्यांदा आले तेव्हा बाबांना निवृत्त होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती आणि माझी मुलगी सात वर्षांची होती. बाबांना ती समजायला थोडा वेळ लागला. ते मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि वाक्याच्या शेवटी तिथल्या लोकांसारखं ‘लाह’ लावायची. बाबा मला म्हणाले, “ही प्रत्येक वेळी ला ला काय करते?”

त्यांच्या मुक्कामाचा तिसरा आठवडा असेल. माझी बॉस, माझ्याहून दहा-एक वर्षांनी मोठी चिनी बाई, माझ्या टेबलाशी आली. तिने आपल्या आई-वडिलांसाठी सेंतोसा बेटावर समुद्रकाठची एक व्हिला दोन रात्रींसाठी घेतली होती. तिची आई बाथरूममध्ये पडली, पाय प्लॅस्टरमध्ये. बुकिंग बदलता येत नव्हतं. “तुझे पेरेंट्स आलेत ना? त्यांना घेऊन जा,” ती म्हणाली. मी नको-नको म्हटलं तर म्हणाली, “रिकामी राहण्यापेक्षा कुणाचे तरी आई-वडील राहू देत.”

घरी सांगितल्यावर आईने लगेच विचारलं, “तिथे चहा मिळतो ना आपल्यासारखा?” बाबांनी विचारलं, “तुझ्या साहेबीणबाईंना माहितीय ना, आम्ही कोण ते?”

“माझे आई-वडील आहात हे माहितीय,” मी म्हणाले.

शुक्रवारी दुपारी आम्ही पाचजण टॅक्सीने गेलो. फाटकापासून एका छोट्या बॅटरीच्या गाडीतून आम्हाला व्हिलेपर्यंत नेलं. दोन झोपायच्या खोल्या, मधे बैठक, पुढे लाकडी फळ्यांचा ओटा, त्यात आमचा आमचा तरणतलाव, आणि झाडांच्या फटीतून समुद्र. समुद्रात लांबवर मालवाहू जहाजं नांगर टाकून उभी. ओट्याच्या कठड्यावर एक मोर येऊन बसला होता, घरच्या कोंबड्यासारखा. बाबा बाकी सगळं सोडून त्याच्याकडे बघत राहिले.

दारात एक गृहस्थ उभे होते. पन्नाशीचे, सावळे, केस चापून मागे वळवलेले, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा बंद गळ्याचा कोट. ते म्हणाले, मी तुमचा बटलर. काहीही लागलं तर हे बटण दाबा. ते मलेशियातले तमीळ, जोहोरला राहणारे, रोज पहाटे मोटरसायकलवरून पूल ओलांडून सिंगापूरला कामावर येणारे, हे सगळं बाबांनी पुढच्या तासाभरात काढून घेतलं. त्या वेळी मात्र बाबांनी मला हळूच विचारलं, “बटलर म्हणजे काय गं?”

मी शब्द शोधत होते, तेवढ्यात आई म्हणाली, “म्हणजे तुम्हीच की.”

आई पहिल्या मिनिटापासून पाहुणी झाली. तिने सगळ्या उशा दाबून बघितल्या आणि सगळ्यांत मऊ ती आपल्याकडे घेतली. बाहेर बागेत उघड्यावर एक मोठा दगडी टब होता, भोवती बांबूचा आडोसा. आई त्यात पाणी भरून बसली ती तासभर बाहेरच आली नाही. मी हाक मारली तर आतून म्हणाली, “चाळीस वर्षं दुसऱ्यांसाठी पाणी तापवलंय मी. आता मला बोलवू नकोस.”

बाबांना समुद्राकडची खोली दिली होती. त्यांनी बॅग दाराशीच ठेवली. “ही तुम्ही घ्या. आम्हाला मागची चालेल.” नवऱ्याने समजावलं, “बाबा, ही तुमच्यासाठीच आहे,” तेव्हा नाइलाजाने आत गेले. पण मी डोकावले तेव्हा ते पलंगावर बसलेले नव्हते. वाकून चादरीचा कोपरा उचलून तो कसा दुमडलाय ते बघत होते.

“चांगला घातलाय,” ते म्हणाले. “फक्त पायाकडे जरा सैल आहे. उंच माणूस असला तर निघेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी उठले तर त्यांची खोली लखलखत होती. पलंग घातलेला, टॉवेल घडी करून ठेवलेले, चहाचे कप धुऊन उपडे, कचऱ्याची टोपली दाराबाहेर. माझी मुलगी डोळे चोळत आली आणि म्हणाली, “व्हाय आजोबा मेकिंग द बेड? दे विल मेक, लाह.” बाबांना अर्थ कळला असावा. ते म्हणाले, “मला जागच आली. नुसतं बसून काय करू?”

खोली साफ करायला येणारी बाई आली, आत गेली, आणि आल्या पावली बाहेर येऊन गोंधळून उभी राहिली. मग तिने बिचारीने पुन्हा सगळं उलगडलं आणि पुन्हा घातलं. तिला चादरी बदलायच्याच होत्या.

नाश्ता आणायला बटलर आले तेव्हा बाबा ओट्यावर उभेच होते. त्या गृहस्थांनी दारावर दोन बोटांनी दोनदा टकटक केली आणि तीन पावलं मागे सरून थांबले. बाबांचा चेहरा एकदम उजळला. मला म्हणाले, “बघ, मागे सरला. दार उघडल्यावर आतल्या माणसाला आपण एकदम तोंडापुढे दिसू नये, म्हणून. मी नव्या पोरांना हे सांगून सांगून थकलो.” आणि त्यांनी आपल्या विश्रामगृही इंग्रजीत त्या गृहस्थांना सांगितलं, “आय ऑल्सो. थर्टी-फोर इयर. रेस्ट हाऊस. सेम ड्यूटी.”

त्यांनी बाबांकडे नीट बघितलं. तोवर ते ‘सर’ म्हणत होते. आता म्हणाले, “अंकल, रियली?”

मग त्या दोघांचं जे सुरू झालं ते थांबेना. बाबा नॅपकीनची एक घडी करून दाखवायचे, ते दुसरी करून दाखवायचे. मासा तळताना काटा कधी सुटतो यावर बोलणं झालं. साहेब लोक सकाळी काय विसरतात यावर दोघांचं एकमत झालं, चष्मा आणि दाढीचा ब्रश. भाषा अर्धी होती, पण हातवाऱ्यांत काही अडत नव्हतं. मी तरणतलावात पाय सोडून बसले होते आणि मला वाटत होतं की बाबांना सिंगापुरात पहिल्यांदाच कुणी भेटलं.

दुपारचं जेवण व्हिलेतच मागवलं होतं. ओट्याच्या कडेला एक छोटी पँट्री होती, तिथे ते गृहस्थ ताटं लावत होते. मी आत मुलीचे केस विंचरत होते, म्हणून बाबा कधी तिकडे गेले ते कळलं नाही. बाहेर आले तर बाबा खांद्यावर पांढरं फडकं टाकून काचेचे ग्लास पुसत होते, उजेडात धरून, एक डोळा मिटून. आणि तेवढ्यात बॅटरीची गाडी येऊन थांबली. तिच्यातून तिथली सुपरवायझर उतरली, कानात वायर घातलेली तरुण मुलगी. सगळं ठीक आहे ना, असं विचारायला आली होती.

तिने पाहुण्याच्या खांद्यावरचं फडकं बघितलं. हसली. “सर, प्लीज रिलॅक्स. लेट अस डू,” म्हणाली, फार गोड आवाजात. मग बटलरना जरा बाजूला बोलावलं. झाडामागे पायवाटेवर ती दोघं उभी राहिली. तिचे शब्द ऐकू येत नव्हते. पण त्या माणसाचे दोन्ही हात पाठीमागे गेले, मान किंचित खाली आली, आणि ते मधून मधून मान हलवत होते.

बाबांनी फडकं खांद्यावरून काढलं, घडी केली, ठेवून दिलं.

“बोलणी बसली त्याला,” ते म्हणाले. “माझ्यामुळे.”

“बाबा, काही नाही, तिने नुसतं...”

“मला कळतं गं ते. मी तसाच उभा राहिलोय.”

ते गृहस्थ परत आले तेव्हा बाबा त्यांच्यापुढे जाऊन म्हणाले, “माय मिस्टेक. नॉट युअर.” ते हसले, “नो प्रॉब्लेम अंकल,” म्हणाले, पण त्यानंतर जेवण वाढताना पुन्हा ‘सर’ म्हणू लागले. बाबा नीट जेवले नाहीत.

जेवणानंतर आकाश भरून आलं आणि सिंगापूरच्या पद्धतीने अर्धा तास धोधो कोसळून मोकळं झालं. आई आणि मुलगी आत झोपल्या, नवरा लॅपटॉप उघडून बसला. मी आणि बाबा ओट्यावर, लांबट आरामखुर्च्यांच्या कडेला बसलो. फळ्यांमधून पाणी ठिबकत होतं. बाबांनी मला एक गोष्ट सांगितली, जी मी कधी ऐकली नव्हती.

बंगल्यात एकदा एक साहेब बायकोला घेऊन उतरले होते. बाई फार चांगल्या. बाबा एकटे राबताहेत हे बघून त्या स्वयंपाकघरात आल्या आणि पोळ्या लाटायला बसल्या. बाबांना नको म्हणवेना. जाताना साहेबांनी शेराबुकात लिहिलं की जेवण उत्तम, पण खानसाम्याला एकट्याला काम झेपत नाही. बंगल्यात ते जाड बुक असायचं, उतरणारा प्रत्येक साहेब जाताना त्यात दोन ओळी लिहायचा. वर्षाच्या शेवटी ते बुक जिल्ह्याला जायचं. तिथून बाबांकडून लेखी खुलासा मागवला गेला.

“त्या बाईंनी मायेनेच केलं होतं,” बाबा म्हणाले. “आणि हे मला ठाऊक असून मी आज तेच केलं. पाहुणा होता येत नाही मला, त्याचं ओझं त्या माणसावर पडलं.”

मग इतकी वर्षं मनात असलेलं मी विचारलं. “बाबा, तुम्ही आम्हाला व्हरांड्यात का नाही बसू दिलंत?”

“नियम होता.”

“बंगला रिकामा असताना कोण बघणार होतं?”

बाबांनी बोटांनी गुडघ्यावरची पँट सरळ केली. “रिकामा असताना बसला असतात तर सवय झाली असती. मग एखाद्या दिवशी साहेब अचानक आले असते आणि मला त्यांच्यादेखत माझ्या पोरांना ‘उठा’ म्हणावं लागलं असतं. ते मला जमलं नसतं. त्यापेक्षा बसलाच नाहीत ते बरं.”

“आणि मी झोपले होते त्या दिवशी?”

त्यांना तो दिवस लगेच आठवला. मला वाटलं होतं, विसरले असतील. “त्या दिवशी जीप खालच्या वळणावर आली होती, बाय. आवाज ऐकला मी. दहा मिनिटं होती हातात. तू पंख्याखाली अशी गाढ झोपली होतीस, शाळेचा फ्रॉक, तोंड उघडं. तुला उठवताना...” त्यांनी वाक्य सोडून दिलं. “दोन दिवस मला तुझ्या तोंडाकडे बघवेना.”

मी समुद्राकडे बघत राहिले. मी समजत होते की ते माझ्यावर रागावले होते. तीस वर्षं मी तसंच समजत होते. मग मी उठून त्यांच्या आरामखुर्चीची पाठ मागे केली आणि म्हणाले, “जरा टेका.” ते टेकले. पाय वर घेतले नाहीत, पण पाठ टेकली. पाचेक मिनिटांत त्यांना डुलकी लागली.

रविवारी सकाळी बाबा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावरच्या टेबलाशी येऊन बसले. समुद्राकडे तोंड असलेल्या खुर्चीत. पलंग त्यांनी तसाच विस्कटलेला ठेवला होता. आईने ते बघून मला डोळ्यांनी खुणावलं.

दोन टकटक झाल्या. बाबा उठले नाहीत. “कम,” म्हणाले. बटलर आले, नॅपकीन उलगडून बाबांच्या मांडीवर घातला. बाबांनी हात बाजूला केले आणि घालू दिला. अंडी आली, टोस्ट आला, फळं आली. प्रत्येक वेळी ते मान किंचित हलवून ‘थँक यू’ म्हणत होते. मी शेजारी होते म्हणून मला दिसत होतं, टेबलाखाली त्यांची बोटं नॅपकीनचं टोक दुमडत आणि उलगडत होती. बशी रिकामी झाली की हात उचलायला निघायचा आणि परत फिरायचा. त्यांना ते फार कठीण जात होतं. पण समोरच्या माणसाची प्रत्येक हालचाल ते इतक्या लक्षपूर्वक बघत होते, की असा पाहुणा त्या माणसाला क्वचितच मिळाला असेल.

“एनीथिंग एल्स, सर?”

बाबांनी क्षणभर विचार केला. “वन मोअर टी,” ते म्हणाले. “इफ पॉसिबल.”

“ऑफ कोर्स, अंकल.”

आई माझ्याकडे बघून पुटपुटली, “घरी कधी मागितला नाही दुसरा कप. मी दिला तर घेतला.”

निघायच्या वेळी बाबांनी शेराबुक मागितलं. बटलरना कळेना. मी समजावून सांगितलं तर त्यांनी एक टॅब्लेट आणून दाखवला, त्यात तारे दाबायचे होते. बाबांनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला. “हे नको. कागद द्या.” मग रिसॉर्टचं नाव छापलेला जाड कागद आला. बाबांनी आधी मराठीत लिहिलं, खाली मी इंग्रजी करावं म्हणून जागा सोडली. त्यांचं अक्षर वळणदार होतं. मजकूर मला अजून पाठ आहे. ‘मी स्वतः चौतीस वर्षे हेच काम केले आहे. म्हणून जबाबदारीने लिहितो की, यांच्या कामात मला उणे काढता आले नाही. काल माझ्याकडून झालेल्या हस्तक्षेपात यांचा दोष नाही. तो सर्वस्वी माझा आहे.’ खाली सही, आणि सहीखाली ‘निवृत्त खानसामा’.

“हुद्दा कशाला, बाबा?” माझ्या नवऱ्याने विचारलं.

“हुद्द्याशिवाय शेऱ्याला वजन नसतं,” बाबा म्हणाले.

मी इंग्रजी लिहून कागद त्या गृहस्थांच्या हातात दिला. त्यांनी तो उभ्यानेच वाचला, पुन्हा वाचला. वर द्यावा लागेल, म्हणाले, पण आधी त्यांनी खिशातून फोन काढून त्याचा फोटो घेतला. मग त्यांनी बाबांशी दोन्ही हातांनी हस्तांदोलन केलं. आमच्या बॅगा त्यांनी गाडीत ठेवल्या. बाबा शेजारी उभे राहिले आणि त्यांनी एकाही बॅगेला हात लावला नाही.

बाबा त्यानंतर सहा वर्षं होते. आम्ही मधल्या काळात पुण्याला परत आलो. सिंगापूरचं ते काही सांगायचे तर विमानतळावरच्या सरकत्या पट्ट्यांचं आणि कठड्यावरच्या मोराचं. व्हिलेचं नाव काढत नसत. तो कागद पुढे कुठे गेला, वर कुणी वाचला की नाही, हे मला ठाऊक नाही. त्या दोन दिवसांची आठवण आली की मला हसरी, टबातून हाका न ऐकणारी आई पण दिसते. तिने ती मऊ उशी कुठल्या दुकानात मिळते हे विचारायला लावलं होतं.

त्या रविवारी आम्ही टॅक्सी केली नाही, हार्बरफ्रंटवरून एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, धरली. आउटरम पार्कला गाडी बदलली, मग पासिर रिसच्या शेवटच्या स्टेशनापर्यंत बसून. घरी आलो तर चार वाजले होते. आईने पदर खोचून विचारलं, “भात टाकू ना? दोन दिवस वरण पोटात नाही.” मुलीचा हिंदीचा गृहपाठ तसाच राहिला होता. नवऱ्याला आणि मला दुसऱ्या दिवसाच्या कामाची काळजी, म्हणून बाबाच तिच्याजवळ चटईवर बसले. साहेब लोकांशी बोलून बोलून त्यांचं हिंदी अस्खलित होतं, असं त्यांचं मत होतं. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. ते मोठ्या विश्वासाने सांगत होते, “चाय ठंडा हो गया. लिही. उसका आवाज बडा है. लिही.”

मुलगी म्हणाली, “शुअर ऑर नॉट, आजोबा?”

“एकदम शुअर,” बाबा म्हणाले.

सोमवारी वही परत आली तेव्हा, हिंदीत चाय आणि आवाज स्त्रीलिंगी म्हणून, त्यात लाल शाईच्या दोन चुका होत्या. दोन्ही बाबांच्या.